मोडकीं घरें आणि आमचे कायदे

पावसाळा तोंडावर आला म्हणजे मुंबई शहरांत दरवर्षीं दोन याद्या प्रसिद्ध होतात. एक महानगरपालिकेची व दुसरी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची. येत्या पावसांत ज्या इमारती उभ्या राहतील कीं नाहीं याचा भरंवसा उरलेला नाहीं, त्यांचीं नांवें या याद्यांत असतात. वर्तमानपत्रांतून तीं छापून येतात, रहिवाशांस जागा सोडण्याविषयीं नोटिसा लागतात, आणि मृगाचा पाऊस कोसळूं लागला तरी पुष्कळ बिऱ्हाडें जेथल्या तेथेंच असतात. परगांवच्या माणसास याचें मोठें नवल वाटतें. छप्पर डोक्यावर येणार हें ठाऊक असूनही माणसें त्याखालीं निजतात कशीं, असें तो विचारतो. प्रश्न सरळ आहे. परंतु त्याचें उत्तर द्यावयाचें तर सव्वाशें वर्षांच्या कायद्यांचा इतिहास सांगावा लागतो. आणि तो इतिहास आमच्या वाचकांस परका नाहीं. कोणी चाळींत भाडेकरू म्हणून राहिले, कोणाच्या वडिलोपार्जित वाड्यांत भाडेकरू राहिले, आणि कित्येकांच्या वांट्यास दोन्ही स्थिति आल्या.

घरास संस्कृतांत वास्तु म्हणतात, व तो शब्द 'वस्' म्हणजे राहणें या धातूपासून झाला आहे. राहणाऱ्यामुळें घरास घरपण येतें, हा अर्थ त्या शब्दांतच गोंवलेला आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत घर, सीमा, सांडपाणी व शेजाऱ्यास होणारा उपद्रव यांविषयीं तपशीलवार नियम घालून दिले आहेत. आणि दुसऱ्या अधिकरणांत, जो जमीन कसीत नाहीं त्याच्याकडून ती काढून घेऊन दुसऱ्यास द्यावी, असें स्पष्ट सांगितलें आहे. मालकी आहे एवढ्यावरून वस्तूची नासाडी करण्याची मोकळीक मिळत नाहीं, हें तत्त्व आमच्याकडे नवें नव्हे. नवी आहे ती आजची गुंतागुंत. राहणारा एक, मालक दुसरा, दुरुस्तीचा अधिकार तिसऱ्याकडे, आणि दुरुस्तीस लागणारा पैसा कोणाकडेच नाहीं!

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांतच धोकादायक इमारतींविषयीं कलम आहे. त्याचा क्रमांक ३५४. पडावयास झालेली इमारत पाडण्याविषयीं, दुरुस्त करण्याविषयीं वा रिकामी करण्याविषयीं मालकास व राहणाऱ्यास फर्मावण्याचा अधिकार त्यानें पालिकेस दिला आहे, व आजही नोटिसा निघतात त्या याच कलमाखालीं. परंतु घरांच्या दुर्दशेकडे सरकारचें खरें लक्ष वेधलें तें प्लेगनें. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं ती सांथ ओळखली, आणि दोन वर्षांनीं, १८९८ सालीं, मुंबई सुधारणा कायदा होऊन सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्या पाडणें, रुंद रस्ते काढणें, आरोग्याच्या दृष्टीनें नवीं घरें बांधणें, असें त्याचें कार्य होतें. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याचेच. दादर-माटुंग्याच्या ज्या हिंदू कॉलनींत व आसपास आपल्या समाजांतील कितीएक कुटुंबें तीन पिढ्या सुखानें राहिलीं, त्या भागाची आंखणीही त्याचीच. १९३३ सालीं हें ट्रस्ट पालिकेंत विलीन झालें.

त्याच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांचीं घरें पडलीं तीं गरीब माणसें दादरास राहावयास गेलीं नाहींत. त्यांचें पोट बंदरावर व बाजारांत होतें. तीं शेजारच्याच चाळींत शिरलीं आणि तेथील दाटी वाढली. मोडकें घर पाडणें सोपें, पण त्यांत राहणारा माणूस कोठें जातो हें पाहणें कठीण. आणि कायद्याचें पाऊल बहुधा याच ठिकाणीं घसरत आलें आहे.

आतां भाड्याकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत घरांची टंचाई होऊन भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं मुंबईंत पहिला भाडे-निर्बंधाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं १९३९ सालीं दुसरा झाला. पुढें १९४७ सालचा सर्वपरिचित कायदा आला, व त्याचा अंमल १३ फेब्रुवारी १९४८ पासून सुरू झाला. या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण धरलें. त्या वेळीं हें योग्यच होतें. युद्ध नुकतेंच संपलेलें, फाळणीमुळें निर्वासितांचे लोंढे येत असलेले, अशा काळीं बिऱ्हाडकरूस रस्त्यावर काढण्याची मुभा कोणत्याही शहाण्या सरकारनें दिली नसती. परंतु औषध दिलें तें दुखणें संपल्यावरही पन्नास वर्षें चालूं राहिलें. मुदत संपत आली कीं विधिमंडळानें ती वाढवावी, असा परिपाठ पडला. घरपट्टी वाढली, गंवड्याची मजुरी वाढली, सागवानाचा भाव तर सांगावयासच नको. भाडें मात्र होतें तेथेंच राहिलें.

याचा परिणाम काय व्हावयाचा तो झाला. चार खोल्यांच्या भाड्यांतून एका खोलीचीं कौलें चाळण्याचा खर्च निघेना. मालकानें हात आंखडला. भाडेकरू म्हणे, घर मालकाचें, दुरुस्ती मीं कां करावी? मालक म्हणे, राहतोस तूं, मजपाशीं उरतें काय? दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें, आणि त्यामुळेंच वादास अंत नव्हता. उघड भाडें वाढेना म्हणून आंतून पागडी सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानें ती दंडनीय ठरविली होती. तरी मुंबईंत भाड्याची खोली पागडीवांचून हातास लागत नसे, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक होतें. कायदा एक सांगतो आणि घरचे वडील दुसरें करितात, हें पाहत एक अख्खी पिढी वाढली. आम्हांस घरांच्या पडझडीइतकीच ही दुसरी पडझडही चिंतेची वाटते.

अखेर १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, प्रमाण-भाड्याविषयींच्या ज्या तरतुदी आरंभीं वाजवी होत्या त्या काळाच्या ओघांत अवाजवी व मनमानी ठरल्या आहेत. न्यायालयानें त्या तत्काळ रद्द मात्र केल्या नाहींत. कायद्याची मुदत संपत आली होती व नवा कायदा विचाराधीन होता. तो नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, व अंमल ३१ मार्च २००० पासून. त्यानें पागडी कायदेशीर केली, आणि भाड्यांत दरसाल शेंकडा चार वाढ करण्याची परवानगी दिली. वीस रुपये भाडें असलेल्या खोलीवर ही वाढ पहिल्या वर्षीं ऐंशी पैसे होते. त्यांत मालकानें काय काय करावें याचें गणित आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

इकडे घरें पडत होतीं. तेव्हां बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ सालीं इमारतींची दुरुस्ती व पुनर्रचना यासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापणारा कायदा झाला. मुंबई बेटावरील जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवावा व त्या पैशांत सरकारनें आपली भर घालून मंडळानें दुरुस्ती करावी, अशी योजना होती. अशा इमारती त्या वेळीं १९,६४२ भरल्या. त्यांपैकीं १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीं बांधलेल्या होत्या. हाच आंकडा सर्व प्रश्नाचें मूळ सांगतो: ज्या घरांचें भाडें गोठलें, तींच घरें कुजलीं. पुढें १९७६ च्या म्हाडा कायद्यांत हें मंडळ समाविष्ट झालें.

मंडळानें काम केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. हजारों इमारतींस त्यानें टेकू दिले, तुळया बदलल्या, जिने उभे केले. परंतु दुरुस्तीच्या खर्चास मर्यादा घातलेली. ती ओलांडली तर वरचा पैसा रहिवाशांनीं द्यावा, नाहीं तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरावी. आणि कायद्याच्या रचनेंत एक विलक्षण गोष्ट घडून आली. दुरुस्तीचा भार सरकारी मंडळावर गेल्यामुळें मालकाची उरलीसुरली जबाबदारीही संपली, भाडेकरूस वाटूं लागलें कीं आपण उपकर भरतों तेव्हां आपलें कर्तव्य झालें, आणि मंडळास वाटे कीं घर आपलें नव्हे. तीन धनी झाले आणि घर निर्नायकी झालें.

प्रारंभींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. नोटीस लागलेल्या घरांतील माणूस मूर्ख नसतो. ती खोली सोडून त्यानें संक्रमण शिबिरांत जावयाचें असतें, आणि त्या शिबिरांत गेलेलीं कुटुंबें वीस-वीस, तीस-तीस वर्षें तेथेंच राहिलेलीं त्यानें पाहिलेलीं असतात. शिबीर बहुधा उपनगरांत. त्याची नोकरी गिरगांवांत वा काळबादेवीस, मुलांची शाळा तेथेंच, वृद्ध आईचा दवाखाना तेथेंच. शिवाय खोलींत प्रत्यक्ष राहणें हाच त्याच्या हक्काचा पुरावा. ती एकदां सोडली कीं हातांत काय उरलें? छप्पर पडेल ही शंका, पण खोली जाईल ही त्याच्या मतें खात्री. आणि माणूस शंकेपुढें खात्रीसच अधिक भितो.

या हिशेबाची किंमत फार भयंकर पडली आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत सकाळीं कोसळून ३३ माणसें मेलीं. तिच्या पुनर्बांधणीस पूर्वींच अनुमति मिळालेली होती, कांहीं कुटुंबें हललींही होतीं. उरलेलीं तेथेंच होतीं. १६ जुलै २०१९ रोजीं डोंगरींत केसरबाई इमारतीचा भाग पडला, आणि बरोबर एक वर्षानें, १६ जुलै २०२० रोजीं, फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून दहा जण ठार झाले. मालक खाजगी असला म्हणजेच हें होतें असेंही नाहीं. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं माझगांवांतील बाबू गेनू मंडईची जी इमारत पडली व ६१ जीव गेले, ती खुद्द महानगरपालिकेचीच होती, तींत पालिकेचेच नोकर राहत होते, आणि ती कांहीं पुरातन नव्हती. सुमारें १९८० सालची. दुसऱ्यास नोटीस देणाऱ्यानें स्वतःस नोटीस कोणाकडून घ्यावी, याची सोय कायद्यांत कोठें आहे?

काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनची कथा निराळ्या प्रकारची. मूळचें हें वॉटसन हॉटेल. १८६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतून ओतीव लोखंडाचे सांगाडे आणून उभारलेलें. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं तीं येथेंच. पुढें खोल्या पाडून ती भाड्यानें दिली गेली, ती उपकराच्या यादींत आली, वकिलांच्या कचेऱ्यांनीं भरली आणि दुर्लक्षिली गेली. २००५ सालीं तिच्या सज्ज्याचा भाग पडून एक माणूस मेला. जगांतील धोक्यांत असलेल्या शंभर स्थळांच्या यादींत तिचें नांव आलें, तरी दुरुस्ती झाली नाहीं. २०१९ सालीं ती रिकामी करण्यांत आली, व ती पाडावी कीं राखावी याचा वाद न्यायालयांत चालला. वारसा म्हणून गौरवावयाचें आणि मोरीच्या नळाकडे पाहावयाचें नाहीं, ही आमची जुनी खोड आहे.

कायदे करणाऱ्यांनीं हात टेकले असें नाहीं. १९८६ सालीं म्हाडा कायद्यांत 'आठ-अ' हें प्रकरण घालण्यांत आलें. इमारतींतील शेंकडा सत्तर रहिवाशांनीं सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारनें ती इमारत जमिनीसह संपादन करून त्यांस द्यावी, व मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा, असें त्यांत होतें. गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे किती हें उघड आहे. मालकांची संस्था न्यायालयांत गेली. उच्च न्यायालयानें १९९१ सालीं तरतूद उचलून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, पांच न्यायाधीशांकडून सातांकडे, सातांकडून नवांकडे चढत गेलें, आणि नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निर्णय लागला ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदांतील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' होत नाहीं, असें बहुमतानें ठरलें. तत्त्वाचा उलगडा झाला हें खरें. पण दरम्यान तीस वर्षांहून अधिक पावसाळे गेले, आणि तुळई घटनापीठाची वाट पाहत नाहीं.

आम्हांस अधिक उपयोगाची वाटते ती २०२० सालची दुरुस्ती. राष्ट्रपतींची संमति मिळून ती अंमलांत येण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. तिनें ७९-अ हें कलम आणलें. इमारत धोकादायक ठरल्यावर मालकानें सहा महिन्यांत पुनर्बांधणीची योजना सादर करावी. तो न करील तर पुढील सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेस संधि. तेंही न जमलें तर मंडळानें इमारत ताब्यांत घेऊन स्वतः बांधावी. यांत प्रथमच क्रम आहे आणि मुदत आहे. आधीं कोणी, मग कोणी, आणि केव्हांपर्यंत, हें ठरलेलें आहे. तथापि इमारत धोकादायक ठरविण्याचा अधिकार नक्की कोणत्या अधिकाऱ्याचा, यावरून २०२५ सालीं मंडळाच्या नोटिसा उच्च न्यायालयांत वादांत सांपडल्या. मालकाची भीतिही अगदींच खोटी नाहीं: जागेची किंमत कोटींत असतां 'धोकादायक' हा एक शब्द कोणाच्या लेखणींतून उतरतो, हें त्यास पाहावेंच लागतें.

मुंबई सोडून पुण्याकडे यावें तर मोडक्या घराचें कारण पुष्कळदां भाडेकरू नसून भाऊबंदकी असते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील कितीतरी वाडे एका दिवसांत नेले. जे राहिले ते वारसांनीं हळूहळू नेले. आमच्या पाहण्यांतील एका वाड्याचे वीसाहून अधिक हिस्सेदार आहेत. कोणी नागपुरास, कोणी बंगळुरास, दोघे परदेशांत, एका शाखेचा पत्ताच लागत नाहीं. मिळकत-पत्रिकेवर अजून पणजोबांचें नांव आहे. चौकांत पिंपळ फुटला आहे व शेजाऱ्याच्या भिंतीस त्याच्या मुळ्यांनीं तडे गेले आहेत. गणपतीस सर्व हिस्सेदार एकमेकांस शुभेच्छा पाठवितात. पिंपळ कोणीच तोडीत नाहीं. वांटणी करितां येत नाहीं अशी मिळकत विकून पैसे वांटण्याचा अधिकार १८९३ च्या विभाजन कायद्यानें न्यायालयास दिलेला आहे. परंतु आप्तांवर दावा कोण करणार या संकोचांत एक पिढी जाते, आणि पुढच्या पिढींत हिस्सेदार दुप्पट होतात.

शनिवारवाड्याभोंवतालच्या घरांस तर तिसरेंच ग्रहण लागलें. संरक्षित प्राचीन स्मारकापासून शंभर मीटरांच्या आंत नवें बांधकाम करूं नये, असा निर्बंध २०१० च्या केंद्रीय कायद्यानें घट्ट केला. परवानगी काढून दुरुस्ती करितां येते. पण ज्या मातीच्या भिंतींत दुरुस्तीजोगें कांहीं उरलें नाहीं, त्यांनीं काय करावें? स्मारक राखण्यासाठीं केलेल्या कायद्यानें त्याच्या सावलींतील वस्ती ओसाड व्हावी, हा हेतु कायदेकारांचा खात्रीनें नव्हता. पण हेतूनें छप्पर शाकारलें जात नाहीं.

परदेशांतील दोन उदाहरणें येथें सांगण्याजोगीं आहेत. जपानांत २०२३ च्या गणनेंत सुमारें नव्वद लाख घरें रिकामीं आढळलीं. तेथें घर असलेल्या जमिनीवर कराची मोठी सूट असल्यानें पडीक घर पाडण्यापेक्षां तसेंच ठेवणें मालकास परवडे. २०१४ च्या कायद्यानें धोकादायक ठरलेल्या रिकाम्या घरांची ती सूट काढून घेण्याची सोय केली, आणि २०२३ सालीं ती नीट न राखलेल्या घरांसही लागूं केली. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यानें २००८ सालीं असा कायदा केला कीं, टाकून दिलेल्या घरासाठीं शेजारी, नगरपालिका किंवा धर्मादाय संस्था यांनीं न्यायालयाकडे अर्ज करावा, व न्यायालयानें त्या घरावर पालक नेमून दुरुस्ती करवून घ्यावी. खर्च देऊन मालक घर परत मागूं शकतो. २०१० च्या दुसऱ्या कायद्यानें, एका गांवीं घर कुजत ठेवणाऱ्या मालकास दुसऱ्या गांवीं बांधकामाचा परवाना नाकारण्याचा अधिकार दिला. तेथील घरें माणसांनीं टाकलेलीं आहेत, आमचीं माणसांनीं भरलेलीं आहेत. म्हणून नक्कल करून भागणार नाहीं. परंतु पुण्यांतील त्या पिंपळाच्या शेजाऱ्यास न्यायालयाकडून असा पालक मागतां आला असता, तर त्याची भिंत वांचली असती. जो शेजारी धोका सोसतो त्यास बोलण्याचा अधिकार असावा, एवढें तरी त्यांतून घेण्यासारखें आहे.

आमच्या मतें मुंबईच्या कायद्यांतील सर्वांत मोठी उणीव पैशाची नसून भाडेकरूच्या भरंवशाची आहे. घर रिकामें करण्याच्या नोटिसेबरोबरच त्याची खोली किती चौरस फुटांची, ती कोणाच्या नांवें, परत कोणत्या मुदतींत मिळेल व न मिळाल्यास दरमहा भाडें कोण देईल, हें नोंदलेलें कागदपत्र त्याच्या हातांत पडेल, तर पोलीस न बोलावतां निम्म्या इमारती रिकाम्या होतील. नोटीस आधीं आणि करार मागाहून, हा आजचा क्रम उलटा आहे.

हें सर्व वाचून, आमची तर स्वतःच्या मालकीची सदनिका आहे, आम्हांस याचें काय, असें म्हणणारे वाचक असतीलच. त्यांच्यासाठीं दोन शब्द. तीस वर्षें पुरीं झालेल्या इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून मजबुतीचा दाखला घेणें महानगरपालिकांच्या कायद्यांनीं आवश्यक केलें आहे. आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पांच वर्षांनीं व त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनीं तपासणी व्हावयाची असते. ज्या सोसायट्यांच्या जमिनीचें खरेदीखत बांधणाऱ्यानें अजून करून दिलेलें नाहीं, त्यांस २००८ च्या दुरुस्तीनें मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग मोकळा करून दिला आहे. १९८० च्या सुमारास कोथरूडांत, डोंबिवलींत, ठाण्यांत ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्या आतां या वयास पोंचल्या आहेत. त्यांच्या वार्षिक सभांच्या इतिवृत्तांत 'इमारतीची तपासणी' हा विषय बहुधा शेवटचा असतो, आणि चहा आल्यामुळें तो पुढील सभेवर टाकलेला असतो.